जॉर्ज नावाचे हजारो लोक

गिरगावात आमच्या शेजारच्या इमारतीत एका डॉक्टरांच्या घरी एक गडी कामाला होता. सगळे त्याला ‘रामा’ म्हणत. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर आणखी एक रामा होता आणि रस्त्यापलीकडे तिसरा. कोकणातून मुंबईत घरकामाला आलेला पुरुष म्हणजे रामा, हे इतके ठरून गेले होते की त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. मी चौथीत असेन. माझे अक्षर बरे म्हणून तो दर महिन्याला मनीऑर्डरचा फॉर्म माझ्याकडून भरून घेई. पहिल्या खेपेला पाठवणाऱ्याच्या नावापुढे मी न विचारताच ‘रामा’ लिहू लागलो, तेव्हा त्याने माझा हात धरला. ते नाव गावी कुणी ओळखणार नाही, असे म्हणाला आणि आपले खरे नाव सांगितले.

पुढे कित्येक वर्षांनी अमेरिकन रेल्वेचा इतिहास वाचताना तो धरलेला हात आठवला. पुलमन कंपनीच्या स्लीपर डब्यांत बिछाने घालणारे, बूट चमकवणारे, सामान वाहणारे हजारो काळे पोर्टर असत. प्रवासी त्यांतल्या प्रत्येकाला ‘जॉर्ज’ अशी हाक मारीत, कारण कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज पुलमन. गुलाम ज्याचा, त्याच्या नावाने ओळखायचा ही जुनी रीत गुलामगिरी संपल्यावरही आगगाडीतून फिरत राहिली होती. गंमत अशी की, १९१४ साली या हाकेविरुद्ध एक संघटना निघाली ती जॉर्ज नावाच्या गोऱ्या गृहस्थांची. आपले नाव पोर्टरांना चिकटते, हे त्यांना रुचत नव्हते. त्या संघटनेला हजारो सभासद मिळाले. पोर्टरांची स्वतःची संघटना निघायला आणखी अकरा वर्षे जावी लागली आणि कंपनीने तिच्याशी करार करायला त्यापुढे बारा.

अमेरिकन कामगार चळवळीची ओळख करून देणाऱ्या या पुस्तकाच्या दारातच ही हाक ऐकवण्याला कारण आहे. हा इतिहास पगाराचा आणि तासांचा आहे, संपांचा आणि गोळीबारांचा आहे, हे खरेच. पण या सगळ्याच्या बुडाशी एक प्रश्न सतत पडलेला दिसतो : कामगार म्हणून मोजायचे कुणाला? मालकांनी तो प्रश्न आपल्या सोयीने सोडवला, कायद्याने आपल्या सोयीने. दुखणारी गोष्ट ही की, युनियननेही तो वारंवार आपल्या सोयीनेच सोडवला. ज्यांना तिने मोजणीबाहेर ठेवले, त्यांनीच पुढे तिचे सर्वांत मोठे लढे लढले. पुढची प्रकरणे वाचताना हा धागा हातात असू द्यावा, एवढीच या प्रस्तावनेची मागणी आहे.

*

मराठी वाचकाला या विषयातले एक पान पाठ असते : शिकागो, १ मे. तेव्हा आधी तेच उघडू.

१ मे १८८६ रोजी आठ तासांच्या दिवसासाठी अमेरिकेत तीन लाखांहून अधिक कामगारांनी काम थांबवले. ३ मे रोजी शिकागोच्या मॅककॉर्मिक कारखान्याच्या दारात पोलिसांनी गोळीबार केला. दुसऱ्या रात्री हेमार्केट चौकात निषेधाची सभा झाली. पावसाची लक्षणे दिसू लागल्याने लोक पांगत होते, तेवढ्यात पोलिसांची तुकडी आली आणि कुणीतरी बॉम्ब फेकला. त्या रात्रीच्या जखमांनी सात पोलीस दगावले, गोळीबारात कामगारही मेले. बॉम्ब कुणी फेकला हे आजतागायत सिद्ध झालेले नाही. खटला मात्र आठ अराजकवादी कार्यकर्त्यांवर भरला गेला, आणि तो चालला मुख्यतः त्यांच्या भाषणांवर आणि लेखांवर. अल्बर्ट पार्सन्स, ऑगस्ट स्पाइज, अॅडॉल्फ फिशर आणि जॉर्ज एंगेल यांना ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फाशी झाली. लुईस लिंग याने आदल्याच दिवशी तुरुंगात जीव दिला होता. उरलेल्या तिघांना १८९३ मध्ये राज्याचे गव्हर्नर जॉन ऑल्टगेल्ड यांनी सोडले आणि खटलाच अन्यायाचा होता असे लिहून ठेवले.

१८८९ साली पॅरिसला जमलेल्या समाजवाद्यांनी पुढच्या वर्षीच्या १ मेची हाक दिली आणि ती तारीख जगाची झाली. ज्या देशातून ती निघाली तिथे मात्र त्या दिवशी लोक नेहमीसारखे कामावर जातात. अमेरिकेची कामगारांची सुट्टी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असते.

त्याच दशकात मुंबईत काय चालले होते, हेही शेजारी ठेवून पाहावे. हेमार्केटच्या दोन वर्षे आधी, १८८४ साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मागितली होती. रविवार मिळाला तो १८९० मध्ये. तिकडे भांडण तासांचे होते, इकडे अजून वारांचे. पण दोन्हीकडे मागणी एकच होती की, माझ्या आयुष्यातला काही वेळ मालकाच्या घड्याळाबाहेरचा असावा.

*

सप्टेंबरच्या त्या सुट्टीच्या कायद्यावर अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी सही केली ती २८ जून १८९४ रोजी. त्यानंतर आठवडाही उलटला नाही तोच त्यांनी शिकागोत कामगारांवर केंद्राची फौज उतरवली. हा संप पुलमनचा.

जॉर्ज पुलमनने शिकागोच्या दक्षिणेला डबे बांधण्याच्या कारखान्याभोवती स्वतःच्या नावाचे गाव वसवले होते. विटांची टुमदार घरे, बाजार, ग्रंथालय, चर्च, सगळे कंपनीच्या मालकीचे. बाहेरून पाहायला येणारे लोक थक्क होत. आतल्या माणसाला पगार देणारा आणि घरभाडे घेणारा एकच होता, एवढाच काय तो फरक. १८९३ ची मंदी आली तेव्हा कंपनीने पगार सरासरी पाव हिश्शाने कापला, भाडे जसेच्या तसे ठेवले. मे १८९४ मध्ये कारखाना बंद पडला. युजीन डेब्स यांच्या अमेरिकन रेल्वे युनियनने ठरवले की, पुलमनचा डबा जोडलेली गाडी कुणी चालवायची नाही. शिकागोपासून पश्चिमेकडची वाहतूक ठप्प झाली. मग सरकारने टपालाची अडवणूक होते असे कारण दाखवून न्यायालयाकडून मनाई हुकूम आणला, पाठोपाठ फौज आली आणि डेब्स सहा महिने तुरुंगात गेले. राज्याच्या गव्हर्नरने फौजेला हरकत घेतली होती. हे गव्हर्नर म्हणजे तेच ऑल्टगेल्ड.

तीन वर्षांनी पुलमन वारला. कामगार थडगे उकरतील या धास्तीने घरच्यांनी शिशाचे अस्तर लावलेली पेटी जमिनीत पुरून तिच्यावर काँक्रीट ओतले आणि वर पोलादी रूळ रचले.

इथवरची गोष्ट डोळे ओलावणारी आहे, आणि बहुतेक वेळा ती इथवरच सांगितली जाते. तिचे एक पान राहून जाते. संपाच्या तोंडावर, जून १८९४ मध्ये, याच रेल्वे युनियनच्या अधिवेशनात काळ्या कामगारांना सभासद करून घ्यायचे का, यावर मतदान झाले. डेब्स स्वतः त्यांना घ्यावे या मताचे होते. ठराव ११२ विरुद्ध १०० मतांनी पडला. डबे बांधणारे गोरे हात युनियनमध्ये, त्याच डब्यांत रात्रभर जागणारे काळे हात बाहेर. संप चिरडला गेल्याचे कारण हे बारा मतांचे अंतर नव्हे. फौज आणि न्यायालय त्याला पुरेसे होते. पण ज्या माणसाला तुम्ही दारातून परत पाठवले, त्याने तुमच्या संपात का उभे राहावे, याचे उत्तर कुणाकडे नव्हते.

*

हे एकट्या रेल्वे युनियनचे पाप नाही. १८६९ साली फिलाडेल्फियात निघालेली नाइट्स ऑफ लेबर ही संघटना काळ्यांना घेई, बायकांना घेई, अकुशल कामगारांनाही घेई. १८८६ मध्ये तिचे सभासद सात लाखांच्या घरात गेले. पण चिनी मजुराला तिचे दार बंद होते. १८८५ साली वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्ज इथल्या कोळसा खाणीत गोऱ्या खाणकामगारांनी २८ चिनी खाणकामगार ठार केले, त्या हल्लेखोरांत नाइट्सचे लोक होते. युनियनने बनवलेल्या मालावर युनियनचा शिक्का मारायची जी प्रथा पुढे अभिमानाची झाली, तिची एक सुरुवात १८७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत सापडते. सिगारच्या खोक्यावरचा तो पांढरा शिक्का सांगत असे की, या सिगारला चिनी हात लागलेला नाही.

आपली माणसेही या दाराशी आपटली आहेत. ४ सप्टेंबर १९०७ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात शेकडो गोऱ्या कामगारांच्या जमावाने लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदी मजुरांना बिऱ्हाडांतून ओढून बाहेर काढले. ते मजुरी पाडतात, असा आरोप होता. दोन दिवसांत गावात एकही हिंदी मजूर उरला नाही. ते बहुतेक सगळे पंजाबातले शीख होते. वर्तमानपत्रांनी त्यांना सरसकट ‘हिंदू’ म्हटले. इथेही नाव विचारायची तसदी कुणी घेतली नाही.

हे वाचून मराठी वाचकाने अमेरिकेला नाके मुरडण्याआधी १९३८ चे मनमाड आठवावे. जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, आणि कामगारांच्या एकजुटीच्या गोष्टी करणाऱ्या पुढाऱ्यांना कामगारांतला भेद दिसत नाही यावर बोट ठेवले. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात दोन पैसे जास्त मिळत. तिथे धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून दलिताला त्या खात्यात जागा नसे. संपाच्या वेळी सगळे एक, आणि भोंगा वाजला की आपापल्या खात्यात. ११२ विरुद्ध १०० हे मतदान आपल्याकडे झाले नाही, कारण ते घेण्याची गरजच कुणाला वाटली नाही.

*

दार उघडले की काय होते, याचेही पुरावे या इतिहासात आहेत. सर्वांत बोलका पुरावा मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्सचा. कापड गिरण्यांचे हे गाव. १९१२ च्या जानेवारीपासून बायका आणि मुलांचा कामाचा आठवडा कायद्याने ५६ तासांवरून ५४ वर आला. मालकांनी दोन तासांचा पगार कापला. कापलेली रक्कम आठवड्याला काही पावांची किंमत होती. पगाराची पाकिटे उघडताच पोलिश बाया मागावरून उठल्या आणि काही दिवसांत वीस हजारांवर कामगार रस्त्यावर आले. इटालियन, लिथुएनियन, सीरियन, फ्रेंच-कॅनेडियन, पोर्तुगीज : या लोकांना एकमेकांची भाषा येत नव्हती. कुशल कामगारांच्या जुन्या युनियनचे म्हणणे होते की, अशा लोकांची संघटना होऊच शकत नाही. इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड या नव्या संघटनेने ती करून दाखवली. प्रत्येक भाषेचे प्रतिनिधी संप समितीवर घेतले, अटक झाली तर मागे राखीव माणूस तयार ठेवला, प्रत्येक भाषण भाषेभाषेत फिरवले. घरी चूल पेटेना तेव्हा मुलांना न्यूयॉर्कच्या कामगार कुटुंबांकडे पाठवले. २४ फेब्रुवारीला स्टेशनवर मुलांना निरोप देणाऱ्या आयांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि सगळा देश हादरला. मार्चमध्ये मालकांनी पगारवाढ कबूल केली.

इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी. लॉरेन्सचा विजय टिकला नाही. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत संघटना विस्कटली. संप जिंकणे आणि युनियन टिकवणे ही दोन वेगळी कसबे आहेत, हे गिरणगावाच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

न्यूयॉर्कमध्ये शिवणकाम करणाऱ्या मुलींनी ते दुसरे कसब शिकून घेतले. १९०९ च्या नोव्हेंबरात कूपर युनियनच्या सभागृहात पुढारी लांबलचक भाषणे करीत असताना क्लारा लेमलिक ही तरुण कामगार उठली आणि यिडिश भाषेत तिने सरळ संपाचा ठराव मांडला. वीस हजारांच्या आसपास मुली संपावर गेल्या. बऱ्याच कारखानदारांनी करार केले. ट्रायँगल कंपनीने तिच्या मुलींच्या युनियनला मान्यता दिली नाही. २५ मार्च १९११ रोजी त्याच कारखान्याला आग लागली. जिन्याचे एक दार कुलूपबंद होते. १४६ जण गेले, बहुतेक ज्यू आणि इटालियन मुली. वरच्या मजल्यांवरून उड्या टाकणाऱ्या मुली रस्त्यावरून पाहणाऱ्यांत फ्रान्सेस पर्किन्स ही समाजकार्यकर्ती होती. बावीस वर्षांनी ती देशाची कामगारमंत्री झाली. अमेरिकन मंत्रिमंडळातली ती पहिली स्त्री.

*

पर्किन्स मंत्री असताना, १९३५ साली, वॅग्नर कायदा झाला. या पुस्तकाचा उत्तरार्ध त्या कायद्याभोवती फिरतो, म्हणून त्याची घडण इथेच सांगतो. आपल्याकडच्या सवयीने वाचले तर घोटाळा होण्याचा संभव आहे.

आपल्याकडे एका कारखान्यात चार युनियन असू शकतात आणि प्रत्येकीच्या मागे एखादा पक्ष असतो. अमेरिकेत तसे नाही. तिथे एका कामाच्या जागेवरचे लोक गुप्त मतदान करून युनियन हवी की नको ते ठरवतात. बहुमत मिळाले तर ती एकच युनियन तिथल्या सर्वांच्या वतीने बोलते, आणि मालकाला तिच्याशी वाटाघाटी कराव्या लागतात. या मतदानाआधीचे आठवडे निवडणुकीसारखे तापतात. मालक सक्तीच्या सभा घेतो, सल्लागार नेमतो, कुणाकुणाला काढतोही. शिवाय ब्रिटनसारखा युनियनने उभा केलेला मजूर पक्ष अमेरिकेत कधी मोठा झाला नाही. त्यामुळे तिथला लढा संसदेपेक्षा कारखान्याच्या फाटकावर जास्त लढला गेला आणि त्यात रक्तही जास्त सांडले. १९१४ साली कोलोरॅडोतल्या लडलो इथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंना आग लागली, तेव्हा तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या दोन बाया आणि अकरा मुले गुदमरून मेली. त्या खाणकंपनीत रॉकफेलर कुटुंबाची सत्ता होती.

कायदा झाला तरी तो कागदावरून जमिनीवर आणावा लागतोच. ते काम केले फ्लिंटच्या मोटार कामगारांनी. ३० डिसेंबर १९३६ पासून ४४ दिवस ते जनरल मोटर्सच्या कारखान्यांत यंत्रांपाशी बसून राहिले. बाहेर निघाले असते तर आत संपफोडे घुसले असते, म्हणून हा बैठा संप. गव्हर्नर फ्रँक मर्फी यांनी फौज बोलावली, पण कामगारांना हुसकण्यासाठी ती वापरली नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने युनियनशी करार केला. १९३८ च्या दुसऱ्या कायद्याने किमान वेतन आणि, टप्प्याटप्प्याने, चाळीस तासांचा आठवडा आला. हेमार्केटपासून मोजले तर अर्धे शतक.

आता मोजणीचा प्रश्न पुन्हा. वॅग्नर कायद्याने ‘कामगार’ या शब्दाची व्याख्या करताना दोन जण वगळले : शेतमजूर आणि घरगडी. दक्षिणेकडच्या काळ्या माणसांचा मोठा भाग याच दोन कामांत होता. म्हणजे अमेरिकेतला रामा कायद्याच्या उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

*

आणि पोर्टर? पुलमनच्या मृत्यूनंतर कंपनीचे अध्यक्ष झाले रॉबर्ट टॉड लिंकन, गुलामगिरी संपवणाऱ्या अब्राहम लिंकनचे चिरंजीव. कुणी कादंबरीत असे लिहिले असते तर अतिशयोक्ती म्हटले असते. पोर्टरची मिळकत बरीचशी बक्षिशीवर चाले, महिन्याला चारशे तासांपर्यंत काम पडे, आणि गाडी सुटण्यापूर्वी केलेल्या तयारीचे पैसे मिळत नसत. ऑगस्ट १९२५ मध्ये हार्लेममध्ये त्यांनी संघटना काढली आणि नेता निवडला ए. फिलिप रँडॉल्फ. ते पोर्टर नव्हते, एक नियतकालिक चालवत होते. कंपनी त्यांना काढू शकत नव्हती, हीच त्यांची मोठी पात्रता.

कंपनीने हेर पेरले, माणसे काढली, संघटना फोडण्यासाठी फिलिपिनो मजूर आणले. सभासद एकदा जमले, मग ओसरले, पुन्हा जमले. कामावरून काढलेल्यांचे संसार बायकांनी सावरले आणि वर्गण्याही गोळा केल्या. २५ ऑगस्ट १९३७ रोजी, संघटनेच्या बाराव्या वाढदिवशी, करार झाला. महिन्याचे तास २४० वर आले, पगार वाढला. एका मोठ्या अमेरिकन कंपनीने काळ्यांच्या युनियनशी केलेला तो पहिला करार.

त्या कराराची खरी किंमत पुढे कळली. १९४१ साली रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा अध्यक्ष रूझवेल्ट यांनी युद्धसामग्रीच्या कारखान्यांत वर्णभेदाला बंदी करणारा हुकूम काढला. १९५५ मध्ये अलाबामातल्या माँटगोमरीत रोझा पार्क्स यांना बसमधल्या जागेवरून अटक झाली. त्यांना सोडवायला धावलेले ई. डी. निक्सन पुलमनचे पोर्टर होते, आणि बसवरचा बहिष्कार उभारण्यात त्यांचा मोठा हात होता. १९६३ च्या ज्या मोर्चात मार्टिन लूथर किंग यांचे भाषण गाजले, त्या मोर्चाचे पुढारपण चौऱ्याहत्तर वर्षांच्या रँडॉल्फकडे होते. मोर्चाच्या नावात ‘स्वातंत्र्य’ या शब्दाआधी ‘रोजगार’ होता. १८९४ मध्ये बारा मतांनी परत पाठवलेल्या माणसांनी देशाचा एवढा मोठा भाग हलवला.

वगळलेल्या दुसऱ्या गटाची गोष्टही अशीच वळण घेते. ८ सप्टेंबर १९६५ रोजी कॅलिफोर्नियातल्या डिलेनो इथे लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो शेतमजुरांनी द्राक्षतोड थांबवली. आठवड्याभरात सेझर चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना येऊन मिळाली. पूर्वी मळेवाले एका गटाचा संप दुसऱ्या गटाकडून फोडून घेत. या खेपेला दोन्ही गट एका रांगेत होते. इथे कायद्याची गंमत पाहावी. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने युनियनना तिऱ्हाइताच्या दुकानावर बहिष्कार घालायला बंदी केली होती. पण शेतमजूर मुळात कायद्याच्या व्याख्येतच नव्हते, त्यामुळे ती बंदीही त्यांना लागू नव्हती. त्यांनी देशभरच्या दुकानांतून द्राक्षांवर बहिष्कार घडवून आणला आणि १९७० मध्ये मळेवाल्यांनी करार केले. बाहेर ठेवलेल्यांनी बाहेर असण्याचेच हत्यार केले.

*

यानंतरचा उतार थोडक्यात सांगतो. पुस्तकात त्याला तीन प्रकरणे आहेत. १९५५ साली दोन मोठे महासंघ एकत्र आले तेव्हा नोकरदारांपैकी सुमारे एक तृतीयांश युनियनमध्ये होते. २०२४ मध्ये हे प्रमाण ९.९ टक्के होते, खासगी क्षेत्रात सहा टक्क्यांच्याही खाली. कारणे अनेक : दक्षिणेकडे आणि परदेशात गेलेले कारखाने, यंत्रे, आणि ‘काम करण्याचा हक्क’ अशा गोंडस नावाचे राज्यांचे कायदे. या कायद्यांनी काम कुणालाच मिळत नाही. युनियनच्या करारांचा लाभ घेऊन वर्गणी न देण्याची मुभा तेवढी मिळते.

एक तारीख मात्र ठळक आहे. ३ ऑगस्ट १९८१ रोजी विमानांची वाहतूक सांभाळणारे सरकारी नियंत्रक संपावर गेले. अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि ११,३४५ जणांना काढून टाकले. याच युनियनने वर्षापूर्वी निवडणुकीत रेगन यांना पाठिंबा दिला होता, आणि रेगन स्वतः कधीकाळी चित्रपट नटांच्या युनियनचे अध्यक्ष होते. संपकऱ्याला काढून त्याच्या जागी दुसरा नेमायला तिथल्या मालकाला फार लाज वाटेनाशी झाली ती यानंतर. पाचच महिन्यांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. दोन्ही घटनांची कारणे वेगळी आहेत आणि त्यांची ओढूनताणून सांगड घालू नये. पण ते दशक दोन्हीकडच्या कामगारांना एकाच वाऱ्याने झोडपून गेले, हे गिरणगावात वाढलेल्याला वेगळे सांगायला नको.

आणि तरीही मोजणी थांबलेली नाही. न्यूयॉर्कच्या टॅक्सीचालकांची संघटना १९९८ पासून उभी आहे. तिच्या प्रमुख भैरवी देसाई मूळच्या गुजरातच्या, आणि सभासदांत भारत, पाकिस्तान, बांगलादेशापासून हैतीपर्यंतचे लोक. त्यांतले बहुतेक कायद्याच्या लेखी ‘कामगार’ नाहीत, ‘स्वतंत्र व्यावसायिक’ आहेत. वगळण्याचे हे नवे नाव. २०२१ च्या डिसेंबरात बफेलोतल्या एका स्टारबक्सने आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये स्टेटन आयलंडवरच्या अॅमेझॉनच्या गोदामाने युनियनच्या बाजूने मत दिले. तिकडचा इतिहास इकडे येण्याची वाटही जुनी आहे. १९२० च्या ऑक्टोबरात मुंबईत आयटकचे पहिले अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्ष लाला लजपतराय महायुद्धाची वर्षे अमेरिकेत काढून त्याच वर्षी परतले होते.

*

शेवटी मेम्फिस. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या ट्रकमध्ये शिरलेले दोन काळे सफाई कामगार यंत्र बिघडून चिरडले गेले. ११ दिवसांनी शहराचे सुमारे १,३०० सफाई कामगार संपावर गेले. त्यांच्या मागण्यांत पगार होता, युनियनची मान्यता होती. पण हातातल्या फलकांवर मागणी नव्हतीच, चार शब्दांचे एक इंग्रजी वाक्य होते : मी माणूस आहे. त्या वाक्यातला ‘आहे’ जाड रेघेने अधोरेखित केलेला होता. मार्टिन लूथर किंग या संपासाठी मेम्फिसला आले आणि ४ एप्रिलला तिथेच त्यांची हत्या झाली. १६ एप्रिलला शहराने युनियन मान्य केली.

त्या फलकांची छायाचित्रे मी अनेकदा पाहिली आहेत. ‘माणूस’ हा शब्द काळ्या प्रौढ पुरुषालाही ‘पोऱ्या’ म्हणणाऱ्यांना उद्देशून होता, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होते. पगारवाढीच्या मोर्चात हे वाक्य कशाला, असे ज्याला वाटेल त्याने हे पुस्तक सावकाश वाचावे. आणि ज्याला तसे वाटणार नाही, त्यानेही पानोपानी विचारत जावे की या संपात कोण होते, आणि कुणाला बोलावलेच नव्हते.

हा प्रश्न मी स्वतःलाही विचारून पाहिला आहे. शेजारच्या इमारतीतल्या त्या गड्याचे नाव मी मनीऑर्डरच्या फॉर्मवर माझ्या हाताने निदान वीस वेळा लिहिले असेल. त्याचे गाव मला आठवते, तालुका आठवतो, तो पाठवत असे ती रक्कमही आठवते. नाव आठवत नाही. ‘रामा’ तेवढा आठवतो.